वासंतीच्या मागून चालताना

३ ऑगस्ट, रविवार

मॅकरिची तलावाची पूर्ण फेरी. अकरा कि.मी., तीन तास दहा मि. मला उजव्या टाचेला फोड. वासंतीला काही नाही. तिला कधीच काही होत नाही.

नेहमीप्रमाणे ती पुढे, मी मागे. हा तिचा नियम. "ज्याला वाट माहीत त्याने पुढे, ज्याला धाप लागते त्याने मागे." गेल्या वर्षी डॉक्टरांनी माझी साखर वाढल्याचं सांगितलं तेव्हापासून दर रविवारी तिची पाठ बघत चालतोय. निळी सॅक, सॅकला लटकवलेला पंचा, पांढरी टोपी. एकोणसाठाव्या वर्षी बायकोच्या मागून चालायला शिकलो.

तलावाकाठच्या फळ्यांच्या वाटेवर तिच्या डाव्या बुटाचा आवाज येत होता. दोनचार पावलं नीट, मग खर्र. म्हटलं, बूट घासतोय. म्हणाली, "सैल झालाय." नाडी आवळली. पुढे मातीच्या वाटेवर आवाज आला नाही. मातीवर येत नसावा.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशा. जुराँगच्या तळ्यापासून कोनी आयलंडपर्यंत, बेटाच्या या टोकापासून त्या टोकाला, छत्तीस कि.मी., एका दिवसात. मार्चमध्ये माझं काँट्रॅक्ट संपतं, राहण्याचा पास संपतो, मग पुणे. त्याआधी हे करायचंच. "अकरा वर्षं राहिलो इथे, अहो, आणि आपल्याला हे बेट नुसतं एमआरटीच्या, मेट्रोच्या, रंगांवरून माहीत."

६ ऑगस्ट, बुधवार

वन-नॉर्थ स्टेशनात सरकत्या जिन्याऐवजी साधा जिना. दम लागला नाही. घरी येऊन वा.ला सांगितलं. "शाबास," म्हणाली, वर्गात म्हणायची तसं. बावीस वर्षं गणित शिकवलं तिने पुण्यात. माझ्या नोकरीपायी सोडून इथे आली, डिपेंडंट म्हणून. कार्डावर तसंच लिहिलेलं असतं. पहिली आठ वर्षं सेंगकांगचा हा फ्लॅट, खालचं मार्केट आणि लेकीचा, केतकीचा, अभ्यास.

तीन वर्षांपूर्वी एका मंगळवारी मीटिंगमध्ये तिचा फोन. "मी पासिर रिसला आहे." म्हटलं, तिकडे कोण? "कोणी नाही. घरून दहा कि.मी. चालत आले." मी विचारलं, "का?"

तो 'का' तिने अजून माफ केलेला नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

रेल कॉरिडॉर, जुन्या रेल्वेमार्गाची वाट, उत्तरेकडून. सतरा कि.मी. झाले, मग थांबलो.

थांबण्याचं कारण असं की वा. पडली. चढ नाही, मूळ नाही, ओल नाही. सपाट वाट, कॅरमबोर्डसारखी. मी चार पावलं मागे होतो, डोळ्यांसमोर पडली. आधी डावं पाऊल थांबलं आणि बाकीची वासंती पुढे गेली. असंच दिसलं.

गुडघा आणि तळहात सोलवटले. उठली, कपडे झटकले आणि मागे वळून त्या जागेकडे बघत राहिली. कुणीतरी ढकलून पळून गेल्यावर बघावं तशी.

"सपाटीवर पडले बघा," म्हणाली आणि हसली. मीही हसलो.

२३ ऑगस्ट, शनिवार

तिला नवे बूट. हलके, चवड्याला वळणारे. दुकानातल्या मुलीने चालून दाखवायला सांगितलं. वा. चालली. मुलगी म्हणाली, साइज बरोबर आहे, आणि पुन्हा एकदा चालायला सांगितलं. मग तिच्या डाव्या पायाकडे बघत बिल केलं.

७ सप्टेंबर, रविवार

नवे बूट, पंधरा दिवस. सिमेंटवर तोच आवाज.

आज मुद्दाम बघितलं. ती डावा गुडघा जास्त उचलते. घोटाभर पाण्यातून चालल्यासारखं. उचलून मग पाऊल आपटल्यासारखं टेकवते, फट्. उजवा पाय तिच्यासारखा चालतो, डावा दुसऱ्याच कुणासारखा. चढावर कमी, उतारावर जास्त, दहा कि.मी.नंतर सारखं.

विचारलं, पाय दुखतोय का. "छे." खोटं नसावं. दुखत असतं तर बरं वाटलं असतं मला.

१० सप्टेंबर, बुधवार

ऑफिसला जाताना तिचे बूट पिशवीत घालून नेले. स्टेशनाच्या पुलाखाली म्हातारा चिनी चांभार बसतो, चष्म्याला दोरा बांधलेला. त्याला म्हटलं, लेफ्ट साइड मेकिंग नॉइज. त्याने दोन्ही बूट मांडीवर शेजारी शेजारी ठेवले, तळवे वर करून. उजव्याच्या रेघा अजून धारदार. डाव्याचा चवड्याकडचा रबर झिजून आतलं पांढरं दिसायला लागलेलं.

"हाऊ लाँग?"

"टू वीक्स."

त्याने अंगठा त्या पांढऱ्यावर फिरवला. "शू नो प्रॉब्लेम लाह. हू वेअर? यू?"

"माय वाइफ."

मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "धिस वन आय कॅन फिक्स. बट यू ब्रिंग हर सी डॉक्टर, ओके? नॉट फॉर शू."

जाड रबराचा तुकडा चिकटवून दिला. घरी येऊन वा.ला एवढंच सांगितलं की टोकाला रबर बसवून आणलंय, आता आवाज यायचा नाही.

"बरं केलंत," म्हणाली. माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं की मलाच वाटलं?

२१ सप्टेंबर, रविवार

पंधरा कि.मी. पूर्व किनारा. रबरामुळे आवाज नाही. सकाळभर मन शांत होतं. आवाज गेला म्हणजे दुखणं गेलं, असं मानून चाललो. एवढा मोठा माणूस मी, लोकांच्या प्रोजेक्टमधल्या चुका शोधण्याचा पगार घेतो.

दहाव्या कि.मी.ला लक्षात आलं की तिला धडकू नये म्हणून मी पावलं आखूड टाकतोय. वर्षभरात पहिल्यांदा.

ती मागे न बघता म्हणाली, "आज तुम्ही फास्ट आहात. छान सुधारणा."

म्हटलं, "हो, सरावाने."

घेतलं ते कौतुक. खिशात घातलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

घरात ती आता साध्या चपला घालत नाही. मागे पट्टा असलेली सँडल. कधीपासून ते सांगता येणार नाही. बाथरूमच्या दारात एक चप्पल उलटी पडलेली दिसते, डावीच, ते मात्र बरेच दिवस.

ती मार्केटला गेली होती. तिची चालण्याची वही काढली. नको होती काढायला. मास्तरणीची वही: तारीख, वाट, कि.मी., वेळ, पाणी किती, माझी धाप ('ह्यांना दोनदा थांबावं लागलं'). शेवटचा रकाना वेगळ्या शाईचा. वर नुसतं 'डा.' लिहिलंय. खाली आकडे. मेमध्ये एक. जूनमध्ये तीन. जुलैत आठ. ऑगस्टमध्ये आठवड्याला आठ. १७ तारखेच्या आकड्याभोवती गोल.

ठेचांचा हिशेब ठेवतेय. मी आवाज ऐकण्याच्या तीन महिने आधीपासून.

सप्टेंबरच्या मध्यापासून रकाना रिकामा. थांबलं म्हणून नव्हे. मोजायचं सोडून दिलं असणार.

वही होती तशी ठेवली.

५ ऑक्टोबर, रविवार

चालणं नाही. केतकी जेवायला. पोस्टडॉकची दुसऱ्या वर्षाची कामं अंगावर, सहा आठवड्यांनी आली. वा. ओट्यापासून टेबलापर्यंत आमटीचं पातेलं घेऊन आली. सात पावलं. केतकीने फोन खाली ठेवला.

नंतर मी गॅलरीत कपडे काढत होतो तिथे आली. हळू आवाजात,

"बाबा, आईचा पाय कधीपासून असा आहे?"

"कसला पाय?"

"डोन्ट डू दॅट, बाबा. तू दर रविवारी तिच्या मागून चालतोस. तुला दिसलं नाही?"

दिसलं म्हटलं. मग चुकून चांभाराचंही सांगितलं. तिचा चेहरा बघण्यासारखा नव्हता. "म्हणजे तू रबर लावून आणलंस," एवढंच म्हणाली.

टेबलावर आलो तर वा. स्वतःच. "दोघांनी कुजबुज करायचं कारण नाही. मेपासून आहे. भात वाढू का?"

केतकी ओरडली. पाच महिने! का नाही सांगितलंस? वा. शांतपणे भात वाढत होती. "सांगितलं असतं तर तपासण्या, मग विश्रांती, मग मार्च. मग पुण्याच्या घरात खुर्ची. माझं चालायचं राहिलं असतं."

केतकीने तिथेच फोनवर पॉलिक्लिनिकची वेळ घेतली. उद्या.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

पॉलिक्लिनिकने चिठ्ठी दिली ती मोठ्या हॉस्पिटलची, दहा दिवसांत नंबर लागला. इतक्या लवकर का लागला असेल, याचा मी गाडीत बसून विचार करत होतो.

तरुण डॉक्टर, मृदू बोलणारे. हातोडीने गुडघे, घोटे, कोपरं. टाचांवर चालायला सांगितलं. उजवी टाच जमली. डावीवर चवडा उचलायला गेली आणि तो उचललाच गेला नाही. ती त्याच्याकडे बघत होती, फळ्यावरचं उत्तर न देणाऱ्या मुलाकडे बघावं तशी. मग पोटरी. पँट वर करून ते नुसते बघत बसले. कातडीखाली बारीक काहीतरी उडत होतं, मासोळी फिरल्यासारखं. मी ते कधी पाहिलंच नव्हतं. ती म्हणाली, जुलैपासून.

मग म्हणाले, जीभ बाहेर काढा. आणि तिच्या जिभेकडेही तसंच बघत बसले. टॉर्च मारून. बराच वेळ.

आधी मणक्याचा एमआरआय. मग नसांची तपासणी, सुयांची, २७ नोव्हेंबरला. काही निष्कर्ष काढू नका, म्हणाले. पडायचं टाळा.

रात्री केतकीला फोनवर विचारलं, पाय दुबळा आहे तर जीभ कशाला बघतात? तिकडे दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बाबा, प्लीज गूगल करू नकोस."

केलं नाही. खरंच केलं नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

उद्या दिवाळी. चकल्या. सोऱ्याला दरवर्षी हात वा.चा, मी फक्त ताटात वर्तमानपत्र पसरतो. पहिला घाणा झाला. दुसऱ्याला तिने सोऱ्या भरला, दोन्ही हातांनी धरला, दाबला. पुन्हा दाबला. मग माझ्यापुढे सरकवला.

"तुम्ही फिरवा आज."

केतकी तळत होती. झारा तेलात तसाच धरून होती, दोन चकल्या करपल्या.

वा.ने डावा हात ओट्याखाली नेला, तिथे मुठीची उघडझाप करत होती. आम्हाला दिसत नाही असं तिला वाटत होतं.

माझ्या चकल्यांना काटे आले नाहीत. तरी तिने खाल्ल्या.

१ नोव्हेंबर, शनिवार

एमआरआय चांगला! मणका साफ. कुठेही नस दबलेली नाही. तिचा हात धरून हॉस्पिटलच्या बाहेर आलो, समोरच्या हॉकर सेंटरातल्या खाऊगाड्यांवर कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणि नारळाच्या जॅमचा काया टोस्ट. तिच्यासाठी दुसरा टोस्टही मागवला. तिने अर्धा खाल्ला. मी खूप बोलत होतो.

केतकीला फोन लावला. "मणका एकदम क्लीन."

तिकडून मग रडण्यासारखा आवाज.

"अगं, चांगली बातमी आहे."

"बाबा, मणक्यात काहीतरी सापडलं असतं तर चांगलं झालं असतं. दबलेली नस सोडवता येते."

मी स्टेशनाबाहेर उभा होतो. वा. पाच पावलांवर, माझ्याकडे बघत. मी फोनवर हसून म्हटलं, "हो हो, सांगतो आईला."

"काय म्हणाली?" वा.ने विचारलं.

"बरं वाटलं म्हणाली."

९ नोव्हेंबर, रविवार

भांडण. मोठं.

ती म्हणते, २३ ला छत्तीस कि.मी. करायचे. सुयांच्या तपासणीच्या आधीचा शेवटचा रविवार. मी म्हटलं, वेड लागलंय. डॉक्टर म्हणाले पडायचं नाही. वाटेत काही झालं तर मी तुला उचलू शकणार नाही.

"उचलायला कोण सांगतंय?"

"मार्च आहे ना अजून. तपासणी होऊ दे."

ती टेबलाशी बसली. उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं एकेक सरळ करत म्हणाली, "अहो, २७ तारखेनंतर मी पेशंट. मग कुठेही गेले तरी पेशंट चाललीय. मला एकदा नुसतं चालायचंय. मी गणित केलंय. ऑगस्टमध्ये माझे ताशी साडेतीन होते. आता तीनच्या आत. मार्चमध्ये किती असतील ते तुम्ही काढा. तुम्ही इंजिनीअर आहात."

काढलं नाही मी. उठून गॅलरीत गेलो.

केतकीचाही विरोध. दुपारभर फोन उचलला नाही. आज संध्याकाळी मेसेज: घोट्याला लावायचा पट्टा मिळतो, चवडा वर धरून ठेवतो, मी आणते. दोन काठ्या पण. बिशान पार्कात मी थांबेन. तिथे मला वाटलं तर मी तिला टॅक्सीत घालणार, कोणी बोलायचं नाही.

वा.: "मान्य आहे म्हणून कळवा."

१६ नोव्हेंबर, रविवार

सराव, बारा कि.मी. पट्ट्याने फरक पडतो. काठ्यांनीही. आज पडली नाही. कपड्यांच्या दुकानाच्या काचेत दोघांचं प्रतिबिंब दिसलं. आधी ओळखलंच नाही. म्हटलं, कोण ही म्हातारी माणसं.

२३ नोव्हेंबर, रविवार

निवांत लिहितो. 

पहाटे टॅक्सीने जुराँग. पावणेसहाला सुरुवात, तळ्यावर अजून अंधार. ती पुढे. सकाळी गारवा असेपर्यंत छान चालली. बुकित बातोकच्या पायऱ्या बाजूने उतरली, कठडा धरून, खेकड्यासारखी. स्वतःच हसली. रेल कॉरिडॉरवर सायकलवाले, कुत्रेवाले, गुड मॉर्निंग आंटी. ती प्रत्येकाला उत्तर देत होती. दर तासाला मीठपाणी, दर दोन तासांनी मोजे बदलायचे. हे सगळं तिनेच शिकवलंय मला.

लॉर्नीच्या रस्त्याला पहिल्यांदा पडली. अकराचं ऊन. मी धावलो तर काठी आडवी धरली. "थांबा. मला उठू द्या." उठायला किती वेळ लागला ते लिहीत नाही.

बिशानला एक वाजला. केतकी झाडाखाली, दहीभात, कोरडे मोजे, गुडघ्याला लावायला औषध. आईकडे नीट बघितलं. डाव्या हातातली काठी सारखी निसटत होती. वाटलं, आता टॅक्सी बोलावणार. तिने केसांचे दोन रबर काढले आणि आईची मूठ काठीला बांधली. "घट्ट होतंय?" "नाही." "सुटलं की बाबाला सांग." एवढंच. मग तोंड फिरवून डबे भरत बसली.

जेवताना मी कबूल केलं, तुझी वही वाचली होती.

"माहीत आहे. पेन पुढच्या पानात ठेवलंत."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते."

दोन वाजता पाऊस, पाऊण तास एका ब्लॉकखाली. वेळ हातातून चालला. कोनी आयलंडचं फाटक सातला बंद होतं.

सेंगकांगला आलो तेव्हा पावणेपाच. वाट आमच्या ब्लॉकच्या जवळून जाते. मार्केटची पाटी दिसत होती. घर दहा मिनिटांवर. तिथे दुसऱ्यांदा पडली. या वेळी उठताना माझा हात घेतला, न मागता. ओठ पांढरे पडले होते. म्हटलं, वासंती, घरी जाऊ. एकतीस झालेत. एकतीस खूप आहेत.

ती पाणी प्यायली. घराच्या दिशेने बघितलं. मग म्हणाली,

"आता तुम्ही पुढे व्हा."

"मी?"

"वर्षभर माझा पाय बघत चालताय मागून. मला कळतं नजर पडलेली. आज सकाळपासून तर पायात बेडी असल्यासारखी आहे ती नजर. मी पडले तर हाक मारेन. व्हा पुढे."

"मला वाट माहीत नाही."

"पाट्या वाचता येतात ना?"

पुढे झालो. समोर पाठ नाही, निळी सॅक नाही, नुसता रस्ता. कुठे वळायचं, सिग्नलला धावायचं की थांबायचं, सावली कुठली, हे सगळं ती इतकी वर्षं एकटी ठरवत होती. दोनदा चुकलो, एकदा शंभर मीटर मागे यावं लागलं.  आणि वेग! किती ठेवायचा ते मागे न बघता कसं कळणार? काठ्यांच्या टकटकीवर ठेवला. टकटक लांब गेली की मी हळू. पुंगोलच्या कालव्याकाठी माणसांची गर्दी, टकटक ऐकूच येईना. मान वळवली नाही. आयुष्यात एवढं अवघड काही केलं नसेल.

सात वाजायला बारा मि. कमी असताना फाटक. आतली माणसं बाहेर येत होती. तिने बांधलेल्या हातासकट काठी फाटकाला टेकवली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणाला माहीतच नव्हतं. तिथल्या बाकावर बसलो. समुद्रापलीकडे मलेशियाचे दिवे लागत होते. मी तिच्या मुठीवरचे रबर सोडवले. बोटं उघडली नाहीत. मीच उघडली, एकेक.

"छत्तीस," म्हणाली. मग पलीकडच्या दिव्यांकडे बघत, "आता भीती वाटतेय हो मला. आजवर वाटली नव्हती."

मला केव्हापासून वाटतेय ते सांगितलं. बूट चांभाराकडे का नेले आणि घरी खोटं का बोललो तेही. ती ऐकत होती. रागावली नाही. रागवायला हवी होती.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सुया. पाय, मांडी, दोन्ही हात, पाठ, हनुवटीखाली. यंत्रातून आवाज येतो, पत्र्यावर पाऊस पडावा तसा. डॉक्टरीणबाई प्रत्येक सुईला म्हणायच्या, आता अजिबात हलवू नका, सैल सोडा. सैल सोडलं तरी आवाज थांबत नव्हता. डाव्या पायाला असणार हे धरून होतो. उजव्या पायालाही येत होता. जो तिच्यासारखा चालतो त्याला.

बाईंनी उजव्याला आणखी दोन ठिकाणी टोचून बघितलं.

निकाल मंगळवारी, अकरा वाजता, आधीचेच डॉक्टर सांगतील. निघताना काउंटरवरची मुलगी म्हणाली, डॉक्टरांनी लिहिलंय, मुलीलाही घेऊन या. आणि नेहमीच्या पंधरा मिनिटांऐवजी तासाची वेळ ठेवलीय.

वा.ने विचारलं, "तास कशाला?"

मुलगी म्हणाली, "सो दॅट यू कॅन आस्क क्वेश्चन्स, आंटी."

३० नोव्हेंबर, रविवार

चालणं नाही. ती झोपून होती. पुण्याहून तिच्या बहिणीचा फोन, मजेत आहोत म्हणून सांगितलं. संध्याकाळी मी एकटा चार कि.मी. चालून आलो. परत आल्यावर तिने पाय, टाचा, अंगठे नीट तपासायला लावले. साखरवाल्याने रोज बघायचं असतं म्हणे. "मी विचारत नसेन तेव्हाही बघत जा," म्हणाली.

'नसेन' का म्हणाली ते विचारलं नाही. विचारायला हवं होतं. इथवर येऊनही तेच करतोय.

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळचे साडेसहा. मला जाग आली तेव्हा ती दिवाणखान्यात स्टुलावर, चालण्याच्या कपड्यांत. सॅक भरलेली. म्हटलं, कुठे?

"हॉस्पिटलला."

"अकराला आहे. टॅक्सी दहाला सांगितलीय."

"ती रद्द करा. कालव्याच्या काठाने सात कि.मी. आहे. मी बघून ठेवलंय. केतकी तिथे थेट येईल, तिला कळवलंय. अकरापर्यंत या घरात बसून मला वेड लागेल."

मी म्हटलं, आज विचारतो. खरं सांग. तुला काय वाटतं, काय सांगतील?

तिने सॅकचे पट्टे सारखे केले. मग म्हणाली, "मला वाटतं तेच सांगतील जे केतकीला माहीत आहे. ती आठ दिवस माझ्याकडे बघत नाहीये." आणि मग, "नाव माहीत नाही मला त्याचं. अकराला कळेल. सात कि.मी. आहेत अजून."

टॅक्सी रद्द केली. पाणी भरलं. मीठ घातलं. मी आज पुढे की मागे विचारलं. "शेजारी," म्हणाली. "वाट रुंद आहे."

आता नाड्या बांधतेय. उजवा झाला. मी वाकलो तर म्हणाली, "नको. तुम्ही तुमची वही लिहा तोवर." म्हणजे हिला माझ्या वहीचं माहीत आहे. म्हणून लिहीत बसलोय. बघत नाही. डाव्याची गाठ दोनदा सुटल्याचा आवाज आला. खाली एक एलआरटी गाडी गेली, दुसरी गेली. आभाळ भरून आलंय, छत्री घेतो.

"झालं," म्हणते.